तुझे फोन तिलाच येतात

प्रिय आई,

तुझ्या लेकीचा, डोकं जागेवर असल्याचा नमस्कार.

स्कूटरवरून पडल्यापासूनची डोकेदुखी कमी आहे. कॉफी, साखर बंद. अक्रोड, माशाच्या तेलाच्या गोळ्या, झोपताना मॅग्नेशियम चालू. छातीतली धडधडही कमी झालीय, बहुतेक.

रूममेट त्याच स्कूटरवर मागे बसली होती. तिला साधं खरचटलंही नाही! माझ्यासमोर कॉफी ढोसते आणि ढाराढूर झोपते.

डोक्याला मार लागल्यापासून मला स्क्रीन बघवत नाही, माझा फोन बंदच असतो, म्हणून तू तिला फोन करतेस. ठीक आहे. पण काल स्पीकरवर ऐकलं, "बाळा, जेवलीस का?" तिला विचारलंस! मी पलीकडच्या खोलीत अक्रोड चावत होते.

बाबांचे गुडघे कसे आहेत? तिला माहीत असेलच.

पुढच्या वेळी तिला फोन माझ्या कानाशी धरायला सांग. मी बोलणार नाही. तू नुसती बोलत राहा.

तुझीच, आधीपासूनची,
थोरली