येऊरचा चढ आणि चार फूट नऊ इंच

॥ श्री ॥

ठाणे, १२ जून १९९७

तीर्थस्वरूप दामाजीदादा यांस,

विठ्ठलचा साष्टांग नमस्कार पोचावा. माझे डावे कोपर सोडले तर येथे सर्व क्षेम आहे. तिकडे सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? हा प्रश्न शिष्टाचाराचा नसून मला त्याचे उत्तर हवे आहे, हे कृपया ध्यानात घ्यावे. संपूर्ण मे महिना 'आईचे गुडघे धरलेत' असे सांगून सरस्वती दर शुक्रवारी डोंबिवलीस माहेरी येत होती. गुडघ्यांनी नेमका शुक्रवारच का धरावा, आणि आईचे गुडघे चोळून आलेल्या मुलीच्या स्वतःच्या गुडघ्याला खरचटलेले का असावे, या दोन्ही शंका मी मनातच ठेवल्या होत्या. परवा मंगळवारी त्यांचे निरसन झाले. त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांची साक्ष टिकली नाही.

आपणांस बरेचसे ठाऊक आहे (किती ठाऊक आहे, तिकडे नंतर वळतो), तरीही क्रमाने सांगतो. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला मधूनच सुरुवात करता येत नाही. सरस्वतीची शाळा येऊरच्या डोंगरावर हलली आणि शिक्षकांना वर नेणारी जीप एप्रिलमध्ये बंद पडली. शाळा उघडेपर्यंत वाहनाची सोय झाली नाही तर राजीनामा देईन, असे ती म्हणाली. मुलांना शिकवणे हे तिचे सगळे सुख. राजीनामा दिलेली सरस्वती घरात दिवसभर कशी वावरेल, या विचाराने मला झोप लागेना. पेट्रोलची स्कूटर तिला उचलवत नाही आणि किकवर ती दोन्ही पायांनी उभी राहिली तरी किक हलत नाही. तेव्हा बॅटरीवर चालणारी ती नवी दुचाकी घ्यावी असे ठरले. निवड मी करतो, असे मी म्हणालो. यावर हुज्जत न घालता ती लगेच 'बरं' म्हणाली. संशय खरे तर तेव्हाच यायला हवा होता.

सरस्वतीची उंची चार फूट नऊ इंच. (आपल्या घराण्यात बुद्धी सढळ हाताने वाटली गेली आणि उंची काटकसरीने, हे मी आदरानेच म्हणतो.) सामान्य गिऱ्हाईक अशा वेळी जमिनीपासून सीटपर्यंतचे अंतर मोजते आणि फसते. सीट रुंद असेल तर पाय फाकतात, आणि फाकलेला पाय जमिनीपाशी तोकडा पडतो. बॅटरी सीटखाली बसवली असेल तर सीट उंच होतेच, शिवाय सगळे वजन वर राहून गाडी कलती होते. तीच बॅटरी पाय ठेवायच्या फळीखाली असेल तर गाडी ठाम उभी राहते. हे झाले सपाटीचे. चढावर गाडी थांबली की मागे सरू पाहते. त्या क्षणी पूर्ण तळव्याऐवजी नुसता अंगठा टेकला, तर गाडी आणि स्वार वेगवेगळ्या दिशांनी उतरू लागतात. म्हणून पायाची लांबी हवी. ती सरळ विचारली असती तर प्रतिप्रश्न आले असते, सबब मी दोरीवर वाळणारा परकर मोजला. धुतल्यावर कापड आटते अशी शंका आल्याने पुढच्या धुण्यालाही मोजला. समोरच्या बिऱ्हाडाने ते पाहिले असावे, कारण तेव्हापासून त्यांचे कपडे घरात वाळतात.

माजिवड्याचे दुकानदार धाकूशेठ इतके गोड बोलतात की मी पहिल्या भेटीतच सावध झालो. "सर, उंचीचं काय घेऊन बसलात? गाडीवर बसलं की सगळे सारखेच." त्यांनी खाडीकडच्या उतारावर गाडी फिरवून दाखवली, वाऱ्यासारखी गेली. परत मात्र त्यांनी ती हाताने ढकलत आणली. बॅटरी वाचवतोय, म्हणाले. उतारावर माझी जुनी सायकलसुद्धा वाऱ्यासारखी जाते आणि तिला बॅटरीच नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले आणि येऊरच्या चढावरच परीक्षा हवी असा आग्रह धरला. मंगळवारी सकाळी ते आले. जी गाडी डोंगर चढणार होती, ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत टेंपोत बसून आली. मी ते नुसते पाहून घेतले.

परीक्षा करायची तर ती सरस्वतीच्या पायांनी करायला हवी. माझे पाय लांब, म्हणून मी दोन्ही गुडघे पंच्याने एकत्र बांधले. धाकूशेठ कळवळले. "अहो सर, पाय सोडा. पडलात तर बाई मला जिता ठेवायच्या नाहीत." मी त्यांना प्रयोगाचे तत्त्व समजावले आणि निघालो. पहिल्या वळणापर्यंत गाडी कण्हत चढली, वळणावर थांबली, आणि तेथून तिने परतीचा विचार केला. पाय टेकवण्याची वेळ आली तेव्हा माझे अनुमान शंभर टक्के बरोबर ठरले: पाय टेकला नाही. मी करवंदीच्या जाळीत पडलो. (काटे मोठे आहेत, करवंदे या वर्षी आंबट आहेत.)

मी जाळीत असतानाच खालून हॉर्न वाजला. निळ्या रंगाची, बुटकी, अरुंद सीटची आणि फळीखाली बॅटरी असलेली एक दुचाकी संथपणे वर आली. तिच्यावर ताठ बसलेली सरस्वती होती. न थांबता, मान किंचित वळवून ती म्हणाली, "पंचा तेवढा घेऊन या घरी," आणि वळणाआड गेली. मला बाहेर ओढताना धाकूशेठनी विचारले, "सर, ही गाडी कुठल्या दुकानातली?"

संध्याकाळी कोपराला हळद लावताना तिने सगळे सांगितले. एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी, रस्ते रिकामे, म्हणून शुक्रवार. शिकवणारे आपण. गाडी घेऊन देणारेही आपणच, यंदाची भाऊबीज म्हणून, आणि ती ठेवली डोंगराच्या पायथ्याशी उपवनला, शाळेच्या सेविका आवडाबाईंच्या पडवीत. निवड कशी केली, असे मी विचारले. "बसले. पाय टेकले. घेतली." मग जाळीपाशी थांबली का नाहीस? "चढावर गती मोडायची नसते. महिनाभर जेवताना दुसरं काय सांगत होता?"

दादा, आभार मानण्यापूर्वी काही खुलासे अपेक्षित आहेत. भाऊबीज कार्तिकात येते. ती ज्येष्ठात कोणत्या शास्त्राने दिली? तळवे दोन्ही टेकले की एकच? आणि एवढे सारे दुकानात उभ्या उभ्या उरकणाऱ्या माणसाला झोप लागते का? ती सोमवारपासून रोज वर जाणार. राजीनाम्याचे नाव आता घरात निघत नाही. त्याबद्दल मी आपला जन्माचा ऋणी आहे, आणि तितकाच साशंकही.

सासूबाईंना, खरे असोत वा नसोत, त्यांच्या गुडघ्यांसह नमस्कार.

आपला आज्ञाधारक
विठ्ठल

ता. क. — मुख्य काम राहिलेच. सरस्वती सकाळी सरावाला निघते आणि मला काही विचारत नाही. कृपया तिला त्या गाडीविषयी एखादी शंका पत्राने कळवावी. कोणतीही चालेल, ब्रेकविषयी असल्यास उत्तम. म्हणजे ती ते पत्र मला दाखवील.

ता. क. २ — हे पत्र पेटीत टाकण्यासाठी तिच्याचकडे देत आहे, पोस्ट तिच्या वाटेवर पडते. पाकीट डकवले आहे.

(पाकिटाच्या मागच्या बाजूस, वेगळ्या अक्षरात:)
दादा, खळ ओली होती, उघडलं नि वाचलं. शंका नक्की कळव. पण ब्रेकची नको, खोलून ठेवतील आणि सोमवारी मला शाळेत जायचंय. हॉर्नची कळव. — सरू