गोंता का थांबत नाही

३ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून गोंताचं ट्रेनिंग. कुत्रं वाढून घोडं झालं तरी 'थांब' कळत नाही. वाटी पुढे ठेवायची, 'थांब' म्हणायचं, त्यानं लाळ गाळत बसायचं आणि 'योशी', म्हणजे 'ठीक', म्हटलं की खायचं. आपल्याकडे पिल्लापिल्लाला हे येतं. आमचा शिबा जातीचा बहाद्दर मात्र मध्येच झडप घालतो.

दोष बायकोचा, सादाएचा. ती लाड करते.

पद्धत ठरली. खाऊ नाही, आरडाओरडा नाही, नुसती शिस्त. अख्खी नोकरी स्टेशनात काढली. बोट दाखवून 'सिग्नल, योशी!', 'दारं, योशी!' म्हटल्याशिवाय एक गाडी सोडली नाही. रिटायर झालो तरी सवय तीच. गॅस, योशी. कडी, योशी. हीच शिस्त कुत्र्यात उतरवायची.

संध्याकाळ

वाटी ठेवली. 'थांब' म्हटलं. बसला. मग वाटी सरळ आहे ना, पाणी भरलंय ना, याची नेहमीप्रमाणे बोट दाखवून, मोठ्यानं खात्री केली. तेवढ्यात हल्ला. जातच उतावळी.

५ ऑक्टोबर

ग्रुपवर ('नदीकाठचे श्वानमित्र') कुरामोचीसाननी टाकलंय की त्यांच्या कुत्रीला, ओहागीला, थांबल्याबद्दल दर वेळी रताळ्याचा तुकडा देतो, आता ती बराच वेळ थांबते. खाली अंगठेच अंगठे.

कुरामोचीसान रोज सकाळी नदीकाठी माझ्याबरोबर फिरतात. तेव्हा त्यांची चूक दाखवणं माझ्याकडेच येतं. अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं: 'माझ्यासारख्या अडाण्यानं बोलू नये, पण खाऊवर वाढलेलं कुत्रं आणि चिरीमिरीवर चालणारा कारकून यांत मला फरक दिसत नाही. प्रकृतीची काळजी घ्यावी.'

सादाए चष्मा लावून वाचून म्हणाली, "अहो, कुरामोचीसान नगरपालिकेत कारकूनच होते ना?"

म्हटलं, विधान सर्वसाधारण आहे. शिवाय शेवटी प्रकृतीची चौकशी आहे.

त्यांचं उत्तर आलं. शब्द एक नाही. नुसतं कमरेतून वाकलेल्या एका अस्वलाचं चित्र.

६ ऑक्टोबर

कुरामोचीसान आले नाहीत. थंडी बाधली असेल. गोंता मात्र आमच्या नेहमीच्या बाकापाशी बसला तो हलेना. 'थांब' न म्हणताच इतका वेळ थांबला. मान पुलाकडे. ट्रेनिंगचा परिणाम दिसू लागला.

९ ऑक्टोबर

अस्वल मोठं करून पाहिलं. डोळे मिटलेले आहेत. ही तुच्छता झाली. ऑनलाइन माणसं कशी बोलतात याला काही धरबंधच राहिलेला नाही. म्हणून ग्रुपसाठी सभ्यतेचे नियम लिहून टाकले. त्यातला तिसरा मला विशेष साधला: 'कोणीही कोणाला टोमणा मारू नये. काही जणांना याची गरज जास्त आहे, त्यांनी दोनदा वाचावे.'

पूडलवाल्या बाई ग्रुप सोडून गेल्या. नियम पटले नसतील.

मग म्हटलं, आपणही एक वाकलेलं चित्र टाकू, म्हणजे विषय संपेल. बोट जाड. गेली ती डोळे मिचकावत बदाम उडवणारी मांजर. सगळ्या ग्रुपला. परत घेता येईना. सादाएला हसून हसून उचकी लागली.

कुरामोचीसान: अस्वल.

१४ ऑक्टोबर

सादाएला बाजारात कळलं की ते हल्ली दुपारी फिरतात, तेही पलीकडच्या काठानं. फिरोत. मी काही वाट पाहत नाही. बाकावर बसतो तो गुडघ्यांसाठी. थर्मासबरोबर दोन कप नेतो ते सवयीनं.

गोंताची प्रगती: बसतो उत्तम. मी सगळं तपासून पाहायला लागलो की बिथरतो. बहुधा माझा दरारा जास्त होतोय.

१६ ऑक्टोबर

सोक्षमोक्ष लावायचा. ग्रुपवर लिहिलं: 'रविवारी सकाळी, रेडिओवरची सामूहिक कवायत संपल्यावर, मैदानात दोन्ही कुत्री सर्वांसमोर बसवावीत. ज्याचं कुत्रं आधी हलेल त्यानं सर्वांसमोर माफी मागावी. पद्धत कुणाची बरोबर ते कुत्री सांगतील. प्रकृतीची काळजी घ्यावी.'

उत्तर आलं: 'येतो.' अस्वल नाही. बऱ्याच दिवसांनी शब्द आला. चांगलं वाटलं. म्हणजे, जिंकणार म्हणून चांगलं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कवायतीची सगळी मंडळी थांबली होती. रताळ्याचे दोन तुकडे जमिनीवर. गोंता इकडे, काळी ओहागी तिकडे. दोघांना एकदम 'थांब'. दोघं बसली. गोंता पुतळ्यासारखा. माझा ऊर भरून आला.

मी रीतसर तपासणी केली. गळपट्टा पाहिला, बोट दाखवलं, "दोरी, योशी!"

गोंतानं आपला तुकडा खाल्ला. मग ओहागीचाही खाल्ला. ओहागी जागची हलली नाही.

मी म्हटलं, तिला ऐकू येत नसावं. लोक हसले. कुरामोचीसान हसले नाहीत. खिशातून दुसरा तुकडा काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला, हळूच "घ्यावं" म्हणाले आणि तिनं घेतला. मग माझ्याजवळ येऊन, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मिनोवासान, हिचाही खायचा शब्द आधी 'योशी'च होता. तुमच्याबरोबर फिरायला लागलो आणि पोरगी वेडी व्हायची वेळ आली. पूल योशी, बाक योशी, सायकल योशी. म्हणून मग तिचा शब्द बदलला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"म्हणताना तुम्ही फार खूश दिसता," ते म्हणाले.

माफी मागायची होती. पण गुडघा एकदम धरला, म्हणून घरी आलो.

२० ऑक्टोबर

शिस्त बरोबर, शब्द चुकीचा, एवढाच निष्कर्ष. कुत्रं पहिल्या दिवसापासून अगदी माझ्या हुकुमाबरहुकूम खात होतं. म्हणजे एका अर्थी मी जिंकलो. ग्रुपवर तसं लिहायला घेतलं, सादाएनं फोन काढून घेतला.

गोंताला नवा शब्द हवा. 'चला' म्हणालो, तर सादाए म्हणाली, उठता-बसता म्हणता. 'बरं' म्हणालो, तर म्हणाली, फोनवर दुसरं बोलता काय. मग म्हटलं, तूच सुचव.

"तुमच्या तोंडून कधीच निघत नाही असा हवा ना?" ती मुळा किसत होती, मान वर केली नाही. "मग 'चुकलं माझं' ठेवा."

वाद घातला नाही. तांत्रिकदृष्ट्या शब्द योग्य आहे.

२४ ऑक्टोबर

'थांब' जमतं. पुढचं मला जमत नाही. गोंता वाटीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. काल त्याचं जेवण गार झालं. शेवटी सादाएनं म्हटलं तेव्हा जेवला. ती किती सहज म्हणाली.

२८ ऑक्टोबर, सकाळ

बाकापाशी प्रॅक्टिस. रताळं ठेवलं, 'थांब' म्हटलं. बोट खिशात घातलं. गोंता बसला.

मागून ओहागीची घंटी वाजली. सकाळच्या वेळी, अलीकडच्या काठाला. गोंताचं शेपूट हललं, पण तो उठला नाही. मीही वळलो नाही, कारण ट्रेनिंग चालू होतं. जिभेवर 'योशी' आलं होतं, ते गिळलं आणि ठरलेला शब्द म्हटला. मोठ्यानं. स्टेशनात म्हणायचो तसा.

"चुकलं माझं."

गोंतानं रताळं खाल्लं.

मग वळलो. कुरामोचीसान कमरेतून वाकले होते, डोळे मिटून, थेट त्या अस्वलासारखे.

मी कुत्र्याशी बोलत होतो हे त्यांना लगेच सांगणार होतो. पण चहा ओतायचा होता, दुसरा कप हाताशीच होता, त्या गडबडीत राहून गेलं.