ऐंशी लाल घरं

३ फेब्रुवारी १९६४, बंगळूर

नेमणूकपत्रात माझा हुद्दा — कॉम्प्युटर! मराठी घेऊन एम.ए. झालेली बाई. टेबलावर हातानं फिरवायचं गणनयंत्र आहे, बाकीचं यंत्र मीच.

काम असं. बेरियम टायटनेटची पांढरी वडी, चिनी मातीसारखी. विजेच्या हिशेबात तिच्या प्रत्येक कणाला तोंड असतं, वर किंवा खाली. थंड असताना सगळी तोंडं एकीकडे. तापवत गेलं की एका अंशाला एकी मोडते. बेरियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घातलं तर कितीला मोडेल? हे वडी न भाजता कागदावर काढायचं. चारशे घरं, प्रत्येकात एक बाण. त्यांतली ऐंशी लाल — तिथे स्ट्रॉन्शियम. कोणती ऐंशी? टेलिफोन डिरेक्टरी उघडायची, नंबरांचे शेवटचे आकडे सांगतील ते घर लाल, चिठ्ठी काढल्यासारखं. गंमत आहे!

६ फेब्रुवारी

बाण. बाण. मनगट दुखतं. तरी उठवत नाही.

१२ फेब्रुवारी

कागद म्हणतो एक्केचाळीस अंश. विठोजीची वडी म्हणते अठ्ठावन्न.

विठोजी भट्टीवर अकरा वर्षं आहे. पूड खलतो, वडी दाबतो, भाजतो. घराणं मराठी, पण तीनशे वर्षं इथलंच. गुरुराज सर आम्हा दोघांचे साहेब. त्याला म्हणाले, "नीट खललं नाहीस. गोळे राहिलेत. पुढची वडी अशीच निघाली तर भट्टी दुसऱ्याकडे."

नंतर तो माझ्याजवळ — "सहा तास खललं, अक्का. स्वल्पसुद्धा थांबलो नाही."

माझे गुणाकार पुन्हा तपासले. सगळे बरोबर. मग चुकतंय कोण?

१८ फेब्रुवारी

नवी वडी — एकोणसाठ. सर म्हणाले, "एक तारखेपासून तू फाटकावर." विठोजी हात धूत राहिला. हात स्वच्छच होते.

१९ फेब्रुवारी

डब्यात चित्रान्न, इथला लिंबू-दाण्यांचा भात. एका घासात चार शेंगदाणे, पुढच्यात एकही नाही. "मला कालवतासुद्धा येत नाही," म्हटलं.

विठोजी हसला — आठवड्यात पहिल्यांदा. "कालवलं म्हणून दाणे लांब लांब बसतात काय, अक्का? लांब बसवायचे तर हातानं मांडायला लागतात."

घास हातातच राहिला.

२० फेब्रुवारी

डिरेक्टरीचे जुने कागद काढले. लाल घराशेजारी लाल घर आलं की तो नंबर मी खोडलेला. एकदा नव्हे, सगळीकडे! कुणी सांगितलं नव्हतं. निबंधात एकच शब्द जवळ जवळ दोनदा आला की खोडायचा — तोच हात. गोळे विठोजीच्या पुडीत नव्हते. पण नुसत्या कालवण्यानं जे दाणे शेजारी शेजारी येतात, ते माझ्या कागदात असायला हवे होते.

आता न खोडता.

२७ फेब्रुवारी

सत्तावन्न.

दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. चूक माझी, विठोजीची नाही. माझी नेमणूक तात्पुरती आहे, हे बोलून झाल्यावर आठवलं. सर उठून भट्टीकडे गेले.

२८ फेब्रुवारी

विठोजी भट्टीवरच. मी जुना कागद फाडत होते, सरांनी हात धरला. "थांबा. लाल घरं अशी लांब लांब बसलेला पदार्थ अजून मी पाहिलेला नाही. बनवता येईल का, विठोजीला विचारा."

विचारलं.

"तुम्ही दाणे मांडा अक्का, मी भाजतो."