वसईला सायकल चालवली

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.४०
विसर्जनाचा गुलाल अजून रस्त्यावर आहे. ढोल थांबले, हॉर्न सुरू झाले. एकविसाव्या मजल्यावरून खाली पाहिलं. करी रोडचा पूल गाड्यांनी गच्च, आणि प्रत्येक गाडीत एकच माणूस बसलेला. हा एकटा बसलेला माणूस माझा शत्रू आहे. निश्चय: सायकल.

कारण लिहून ठेवतो. लेक अपेक्षा ५ ऑक्टोबरला नोकरीसाठी बंगळूरला जाणार. ती चौथीत असताना मी तिला शब्द दिला होता, की आपण दोघं वसईच्या वाड्यांमधून सायकलने फिरू, किल्ल्यापासून सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत. मध्ये तेरा वर्षं गेली. ऑफिस, बिल्डिंगचा पुनर्विकास, सासऱ्यांचं आजारपण. त्यात माझी चूक शोधून सापडायची नाही. शब्द शाबूत आहे. तारीख ठरली: २ ऑक्टोबर, दसरा. चोवीस दिवस हातात. भरपूर झाले.

बुधवार, १० सप्टेंबर
नकाशा काढला. चार रंगांची पेनं. हिरवी रेघ म्हणजे वाहनमुक्त वाडीवाट. निळ्यात बावखलं, म्हणजे तिकडची जुनी तळी. लाल टिंबांत १७३९ची मोहीम. काळ्यात चहा. मेघना बराच वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, अहो, नकाशा छान आहे, पण सायकल? हिला आखणी म्हणजे काय ते कळत नाही. लग्नाच्या वेळीही कळत नव्हतं.

धनेशला कुणीतरी कळवलं. धनेश म्हणजे मेघनाचा धाकटा भाऊ, राहतो वसईलाच. तंग, चमकणारी चड्डी घालून रोज पहाटे पन्नास किलोमीटर हाणतो आणि सगळ्यांना सांगतो. फोनवर म्हणाला, भावोजी, मीपण येतो ना. नको म्हटलं. इतिहास गर्दीत दिसत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर
दादरहून सायकल आली. काळी, एकवीस गिअर. लिफ्टमध्ये न्यायला सेक्रेटरी जयवंतने मनाई केली. नियम म्हणे. याच जयवंतच्या सोफ्यासाठी लिफ्ट तासभर अडली होती, तेव्हा नियम गावाला गेला होता. सायकल पार्किंगमध्ये ठेवावी लागली. वॉचमन कोंडीराम म्हणाला, साहेब, एक राउंड मारून दाखवा. मी सर्कशीत नाही, असं त्याला सांगितलं.

सोमवार, १५ सप्टेंबर
पहाटे ५.५० ते ७.१०. करी रोड ते लालबाग मार्केट आणि परत. सायकल चालवली. अंतर दीड किलोमीटर. उजव्या पोटरीला पेडल चार वेळा लागलं, डिझाइनमध्ये दोष आहे. डाव्या चपलेचा अंगठा तुटला. निश्चय: उद्यापासून बूट.

बसण्याचा भाग दुसऱ्या टप्प्यात. आधी सायकलला माझी आणि मला तिची सवय व्हायला हवी. घोड्यावरही कोणी पहिल्या दिवशी बसत नाही.

परतताना मीराबाई भेटल्या. जुन्या चाळीत शेजारी होत्या, आता चौदाव्या मजल्यावर आहेत. हातात फुलांची पुडी. लांबूनच ओरडल्या, मेल्या, बैल घेऊन खंय चल्लंस? भर मार्केटात. चार हमाल हसले. म्हातारीशी बोलणं बंद.

गुरुवार, १८ सप्टेंबर
अपेक्षाने विचारलं, बाबा, सकाळी आपण दोघं एकत्र प्रॅक्टिस करूया का, मी मैत्रिणीची सायकल आणते. म्हटलं, माझा वेग तुला झेपणार नाही. ती बरं म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

हिला सायकल मीच शिकवली. मैदानात मागून सीट धरून धावायचो. शिकवायला स्वतःला यावंच लागतं असं नाही. अंपायरला कुठे बॅटिंग येते? आमच्या चाळीत सायकल एकच होती, तीही दूधवाल्याची. तो हात लावू देत नसे. दोष कोणाचा, हे उघड आहे.

रविवार, २१ सप्टेंबर
वडाळ्यापर्यंत सायकल चालवली. जाऊन येऊन तीन तास. रस्ता बराच मोकळा होता, बसणारच होतो, तेवढ्यात मागून बस आली. नंतर टँकर. नंतर एक कार, आत एकटा माणूस. या शहरात ज्याला सायकलवर बसायचं आहे त्याला बसू देत नाहीत. ट्रॅफिक नसता तर मी आज कुठल्या कुठे असतो.

एक पाय पेडलवर ठेवून फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी अंगठे दिले. धनेशने विचारलं, भावोजी, अॅव्हरेज स्पीड? खरं ते लिहिलं: ३. त्याने कळवलं, ३०? टायपिंग चुकलं वाटतं, मस्तच! मी दुरुस्त केलं नाही. लोकांच्या समजुतीत आपण कशाला पडा.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. सकाळी ६.१५
दुसरा टप्पा. पार्किंगमध्ये बसलो. दीड सेकंद. मग जयवंतच्या गाडीचा आरसा मध्ये आला. मुळात गाडीला एवढे लांब कान हवेत कशाला? गुडघा सोलला, आरसा लोंबकळला. जयवंत बनियनवर खाली आला आणि म्हणाला, या वयात कशाला हे धंदे? त्याला दोन शब्द ऐकवले. त्यातला एक चांगला होता.

मेघनाने हळद लावली. मग म्हणाली, पोरीला खरं सांगून टाका ना, ती काय खाणार आहे तुम्हाला? कसलं खरं? दीड सेकंद बसलो, हेच खरं आहे.

वसईत ट्रॅफिक नाही. सगळा प्रश्न ट्रॅफिकचा आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी
आज शेवटचा सराव करायचा होता. पहाटे खाली गेलो तर सायकलला झेंडूचा हार, हॅण्डलवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मेघना आधीच येऊन पूजा करून गेली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये होते तेव्हा खंडेनवमीला साच्यांना, म्हणजे मागांना, असेच हार पडायचे. पूजा झालेल्या साच्याला मग त्या दिवशी कोणी हात लावत नसे. कापड विणणारी माणसं, पण नियम म्हणजे नियम.

मी मेघनाशी भांडलो. नेमका आजच हार घालायची काय गरज होती? माझा शेवटचा दिवस फुकट गेला. चांगली दहा मिनिटं भांडलो. मनातून इतकं हायसं वाटलं की दुपारी दोन तास झोप लागली.

धनेश येणारच, असं ठरलेलं दिसतंय. सायकली त्याच्या मित्राच्या टेम्पोतून जाणार. तडजोड केली.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. वसई
८.३०ला किल्ल्याच्या दाराशी. मी तासभर माहिती दिली. अपेक्षाने नीट ऐकली, धनेश टायर दाबून बघत होता. मग वाड्या सुरू झाल्या. हिरवी रेघ. दोन्ही बाजूंना केळी, विहिरीवरचा पंप, कौलारू घरं, दारांना झेंडूची तोरणं. रस्त्यावर एकही गाडी नाही.

एकही नाही. मी दहा मिनिटं वाट पाहिली. एखादी रिक्षा तरी यावी! देशात इतकी वाहनं, पण हवं तेव्हा एक येत नाही. धनेश आणि अपेक्षा पुढे निघून गेली. मी सायकल चालवत राहिलो. पोटरीला पेडल लागत राहिलं.

थोड्या वेळाने अपेक्षा एकटीच परत आली. पंक्चर झाली का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं, बावखल बघतोय. ती उतरली, सायकल स्टँडला लावली आणि म्हणाली, बाबा, मला चौथीपासून माहितेय. मी म्हटलं, काय माहितेय? ती म्हणाली, तू सायकल चालवत नाहीस, चालवत नेतोस. जशी गाय नेतात तशी. मग माझ्या सायकलमागे गेली, सीट धरली आणि म्हणाली, बस. मी धरलंय. सोडणार नाही.

मैदानात मी तिला अगदी हेच शब्द सांगितले होते, आणि सोडलं होतं. त्यामुळे ती पुढे काय करणार ते मला ठाऊक होतं.

मला शिकवू नकोस, म्हटलं. जा तुझ्या मामाबरोबर. गरजेपेक्षा बराच मोठा आवाज निघाला. कुठल्याशा घरातून एक बाई बाहेर येऊन बघून गेली. अपेक्षाने सीट लगेच सोडली नाही. जरा वेळाने सोडली.

ती दोघं स्तूपापर्यंत जाऊन आली. मी एका वाडीच्या फाटकाशी बसून होतो, नकाशा खिशात. परतताना टेम्पोत धनेश म्हणाला, भावोजी, तुमची हिरवी लाइन एक नंबर होती, कुठे गाडी लागली नाही. वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. फार वाईट वाटलं.

रविवार, ५ ऑक्टोबर. दुपारी १२.२०
अपेक्षा गेली. एअरपोर्टला जयवंतने त्याच्या गाडीतून नेलं, नवा आरसा लावलेल्या. रस्ताभर आरशाबद्दल एक शब्द बोलला नाही. हलकट माणूस.

नकाशा घरात कुठे सापडला नाही. मेघना म्हणाली, पोरीने बॅगेत टाकला, वरच्या कप्प्यात. न विचारता नेला. मूळ प्रत होती.

घरात बसवेना म्हणून खाली आलो. सायकल बाहेर काढली, सुकलेला हार अजून हॅण्डलला आहे. पुलापर्यंत आलो तेव्हा मेसेज आला: पोचले. काय करतोयस?
लिहिलं: सायकल चालवतोय.
तिचा प्रश्न आला: चालवतोयस की चालवत नेतोयस?

पुलाखाली उभा राहिलो. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होता, आत एकटाच असणार. तीनदा लिहून खोडलं. मग पाठवलं: चालवत नेतोय.
तिने विचारलं, कुठपर्यंत?
लिहिलं, लिफ्टपर्यंत. पुढे जयवंत नेऊ देत नाही.