मागणीचा आकडा

गुरु. ९ एप्रिल २००९
वीज नाही. गुरुवार म्हणजे दुरुस्ती. तीस वर्षं वीज मंडळाच्या कंट्रोल रूममध्ये काढली, दुरुस्ती म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. वरच्या मजल्यावरचा निखिल जिन्यात भेटला, घामाघूम. आयटी, हिंजवडी. "काका, न्यूक्लिअर सगळा स्कॅम आहे. सोलर इज द फ्यूचर." याच्या तीन खोल्यांत तीन एसी. गच्चीवर सोलर बंब बसवायचा ठराव आला तेव्हा विरोध याचाच, पार्टीची जागा जाते म्हणून. मूर्ख.

शुक्र. १०
संध्याकाळी कट्टा. सगळे निवृत्त. मी म्हणालो, अणुविजेशिवाय या देशाला गत्यंतर नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कळत कुणालाच काही नाही.

शनि. ११
बापूंचा फोन. सौ.चे धाकटे भाऊ. अणुप्रकल्पाच्या हद्दीत त्यांची काजूची बाग आणि राहतं घर. जमीन देण्याच्या संमतिपत्रावर निम्म्या गावाच्या सह्या झाल्या. मोर्चेवाले येऊन गेले, प्रकल्पाचे साहेब लोकही. "दोघंही थापा मारतात, भाऊजी. तुम्ही घरचे, त्यात इंजिनिअर. याच्याशिवाय देशाचं खरंच चालत नाही? 'नाही चालत' म्हणालात तर करतो सही. पुढच्या रविवारपर्यंत सांगा."
सोपा प्रश्न. हिशोब करून सांगतो म्हणालो. सौ. भाजी चिरत होती. मान वर केली नाही.

मंगळ. १४
हिशोब झाला. एका बाजूला देशाची मागणी, दुसरीकडे कोळसा, पाणी, वारा, ऊन. उरलेली तूट अणुविजेने भरायची. चोख. वारा पडला तर काय, हे वाऱ्यावाल्यांनी कधी सांगितलेलं नाही.
सौ.ला वाचून दाखवला. "ही मागणी कुठून आली?"
सरकारी अहवालातून.
"आणि अहवालात?"
काहीतरी विचारायचं म्हणून विचारते.

गुरु. १६
वीज नाही. खिडकीत बसून अहवाल चाळला. शेवटी बारीक अक्षरात टीप: राज्याचा आकडा आमच्या कंट्रोल रूमचा. म्हणजे माझा.
दर मार्चला मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा. आमचे साहेब म्हणायचे, "थोडा वाढवून लिहा, कमी पडली तर बोलणी आपल्याला." वाढवायचा. खरी गरज किती, कुणी मोजलं नाही. मीही नाही. निखिलचे एसी, हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत सुट्टीलाही जळणारे दिवे, सगळं 'गरज' म्हणून आत. बाकी राज्यांतही माझ्यासारखेच बसलेले असणार.
याच आकड्याच्या जोरावर इतकी वर्षं लोकांना मूर्ख म्हणत आलो. लाज वाटली.

शनि. १८
मागणी कमी धरून पाहिली. अणुविजेवाचून भागतं. किंचित वाढवली, भागत नाही. मोर्चेवाल्यांनी नाचायचं कारण नाही, त्यांनीही काही मोजलेलं नाही. खरं उत्तर, माहीत नाही. नोकरीत हे कधी तोंडातून काढलं नव्हतं.
सौ. म्हणाली, "मग तेच सांगा."
"माहीत नाही म्हणणाऱ्या इंजिनिअरला कोण विचारतो?"
"बापू विचारतोय."

रवि. १९
दहाला बापूंचा फोन. सांगितलं, आकडा माझाच, न मोजलेला. चालेल की नाही, मला माहीत नाही.
 मग, "भाऊजी, साहेब ओटीवर बसलेत. कागद पुढ्यात आहे. मी काय करू?"
म्हटलं, त्यांना विचारा, मागणी कुणी मोजली.
फोन हातात धरूनच बापूंनी विचारलं असावं. साहेबांचा आवाज स्पष्ट आला, अगदी माझ्याच सुरात: "अहो, अहवालात आहे ते. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"
मग फोन तुटला. तासभर लावतोय, लागत नाही. सौ. शेजारी उभी आहे. बसत नाही.