वरच्या मजल्यावर पोचलेली रेंज

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? ऑफिसातल्या खुर्चीत पाठीशी उशी ठेवतेस ना? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे तब्येतीने. बाकीचं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन म्हटला की काका "आण इकडे" म्हणून हात पुढे करतात, आणि सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. आपली चूक दुसऱ्याने सांगायच्या आत आपण सांगावी, हे मला शाळेत घालायच्या आधी काकांनीच शिकवलं. तेव्हा सांगून टाकते. तुझ्या बाबांचं, म्हणजे काकांचं, आणि माझ्या बाबांचं बोलणं मी बंद पाडलं.

(ते दोघे बोलतच नाहीत, हे मला ठाऊक आहे. जिन्यातली खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून बिनसलं ते बिनसलंच. पण न बोलण्यातही प्रकार असतात गं.)

आमच्या बैठकीतला वायफाय काकांच्या खोलीपर्यंत पोचायचा नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी टॅब घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचे आणि तुझ्याशी बोलायचे. बाबा खाली खुर्चीत, पेपर तोंडासमोर. काका तुला सांगायचे, "आज मी नळ दुरुस्त केला." पेपरामागून आवाज यायचा, "वायसर कुणी आणून दिला तेही सांगा म्हणावं." की काका टॅबला सांगायचे, "अगं, इथे एक वायसरवाले बसलेत, त्यांचंही नाव घे." याला बोलणं म्हणायचं की नाही मला माहीत नाही, पण दोघांचंही जेवण त्यानंतर नीट जायचं.

पुढे तू म्हणालीस की काका बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजतात, काहीतरी कर. मी मनावर घेतलं. (मी मनावर घेते, हेच वाईट आहे.) वायफायचे दोन नवे डबे आणले, एक स्वयंपाकघराबाहेर, एक वर काकांच्या दाराशी. सगळं घर एकच जाळं करायचं, म्हणजे माणूस कुठेही फिरला तरी फोनला कळू नये की डबा बदलला. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात जुना डबा आणि वरचा डबा, दोघांनाही आपणच घरातले कर्ते वाटत होते. जाळ्यात प्रत्येक यंत्राला ओळखीसाठी स्वतःचा एक पत्ता लागतो; येईल त्या यंत्राला दोघेही आपापले पत्ते वाटत सुटले. आईच्या फोनला आणि प्रिंटरला एकच पत्ता मिळाला आणि दोघेही रुसून बसले. शेवटी पत्रक वाचून वरच्याला बजावावं लागलं की पत्ते वाटायचं काम थोरल्याचं, तू नुसती रेंज दे. त्याने एका बटणात ऐकलं. (मी तेव्हा एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं आणि पत्रकाची घडी घातली.)

मग सगळ्या डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. तरी काकांचा टॅब वर जाऊनही खालच्याच डब्याला चिकटून राहायचा, म्हणून खालच्याचा जोर कमी केला आणि टॅबवर बातम्या लावून जिना चढत-उतरत बसले. आई म्हणाली, "काय गं, घर विकत घ्यायला आलीस का? भिंती वाजवून बघ की!" बातम्या कुठेच तुटल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मी शेजाऱ्यांनाही विचारून आले, आमच्यामुळे तुमची रेंज बिघडली नाही ना म्हणून.

आता काका वरच, दार लावून बोलतात. वरची बातमी खाली येत नाही. बाबा म्हणतात, "बरं झालं, शांतपणे वाचता येतं," आणि पान उलटत नाहीत. परवा त्यांनी आईला सांगितलं की हिला सांग की त्यांना विचार, ताईच्या बढतीचं काय झालं. त्यात भर म्हणजे वर जाणारी वायर मी जिन्यातल्या खिडकीतून नेली आहे, त्यामुळे खिडकी आता धड उघडत नाही, धड बंद होत नाही. बिचाऱ्यांना भांडायलाही काही ठेवलं नाही मी.

माझं चुकलं. कंबरेला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. पत्र मिळालं की काकांना सांग की आवाज तुटतोय. खोटं बोलायला लावत नाही तुला. वरच्या डब्याचा प्लग मी आत्ताच जाऊन काढते, म्हणजे तो खराच तुटेल.

ता. ता. क. जाऊन आले. प्लग आधीच काढलेला होता आणि त्या जागी इस्त्रीचा लावलेला. काका हातरुमालाला इस्त्री करत उभे. इस्त्री गार होती. मला म्हणाले, "वर रेंज नाही गं. राहू दे, तू नको बघूस, तुला कामं असतील," आणि टॅब घेऊन खाली उतरले. बाबांनी पेपर उघडल्याचा आवाज मी इथपर्यंत ऐकला. तेव्हा ताई, आवाज कितीही तुटला तरी मला दुरुस्त करायला सांगू नकोस. तू सांगितलंस की मी करून टाकीन, मला राहवत नाही.