परसदार लातूरला दिसेना

३ डिसेंबर
संदीपचा लातूरहून फोन. म्हणे, आईचं खुब्याचं हाड जुळलं, काठीवर चालते, पण आता तिला इथंच राहू द्या; तुम्हीपण या, नांदेडचं घर भाड्यानं देऊ. पोरगं मायेनंच बोलतं, राग तरी कसा धरावा? सुमनचं मत विचारलं, तर आई काहीच बोलत नाही म्हणे. ती बोलत नाही म्हणजे मनात ठरवणं चालू आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं तरी कळतं.

५ डिसेंबर
युक्ती सुचली. जुना कॉम्प्युटर मागच्या खिडकीत मांडला, त्याला कॅमेरा जोडला. सर्व्हर आपल्याच घरात. आपलं परसदार दुसऱ्याच्या भरवशावर कशाला? जास्वंद, कढीपत्ता, धुण्याचा दगड, सगळं सुमनला मोबाईलवर दिसेल, वाटेल तेव्हा. घर डोळ्यांसमोर राहिलं तर पाय इकडं वळतील. स्वार्थ आहे, हो.
तिला पत्ता, पासवर्ड पाठवला. ताकीद दिली: मी सांगेपर्यंत उघडू नको. अर्धा कच्चा स्वयंपाक ती तरी कुणाला वाढते का?

६ डिसेंबर
उघडेना. घरातल्या आतल्या पत्त्यावर झकास चालतं, बाहेरचा पत्ता टाकला की ठणठण गोपाळ. राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडून दिली होती, ती पुन्हा तपासली. बरोबर आहे. मग घोडं अडतं कुठं?
सु.ला फोन करून सांगितलं, वेळ लागेल. "लागू द्या," म्हणाली.

९ डिसें.
इंटरनेटवाल्यांना विचारलं. आमच्याकडून सगळं मोकळं आहे, म्हणतात. परसदारात उन्हाला खुर्ची टाकून मोबाईलवर परत परत तोच पत्ता. राउटरला तोंडाला येईल ते बोललो. हातवारे करून.
संध्याकाळी सु.ला अहवाल. आमच्यात बिनकामाचा फोन कधी नसतोच. काम सांगायचं, ठेवायचं. या राउटरच्या कृपेनं रोज एक काम निघतंय. ती ऐकते. त्यातलं तिला काय कळतं, देव जाणे.

१३ डिसें.
वायफायचं नाव बदललं. फरक शून्य. तेच फोनवर सांगत होतो तर सु. मधेच म्हणाली, "ते निळं स्वेटर धुवायला टाका आता. सोमवारपासून तेच अंगावर हाय."
निळं स्वेटर लातूरला कुणी सांगितलं?
"तुला उघडतंय का?"
"हाव. पहिल्या दिवसापासून बघून राहिले."
"मग सांगितलं का नाही?"
"तुम्हीच उघडू नको म्हणले होते. आन् सांगितलं असतं तर रोज फोन केला असता का तुम्ही?"
फोन ठेवला, स्वेटर काढून बादलीत टाकलं.
नंतर वाचून काढलं. आपला राउटर घरातल्या माणसाला बाहेरच्या पत्त्यानं आत घेतच नाही. आणि घरात वायफाय आहे म्हणून मी मोबाईलमध्ये नेट कधी भरलंच नाही, त्यामुळे सगळी तपासणी आतूनच. म्हणजे घरात बसून स्वतःच्या दाराची बाहेरची कडी वाजवत होतो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं! लाज वाटली, पण हसूच जास्त आलं.

१५ डिसें.
आता तिकडून हुकूम सुटतात. जास्वंदीला पाणी जास्त होतंय. कपडे झटकून वाळत घाला. संदीप सांगत होता, जेवतानाही आई मोबाईल समोर ठेवते. त्याच दमात भाडेकरूची गोष्ट काढली, कुणी ओळखीचा आहे म्हणे.
फोन सु.कडे द्यायला लावला. आज काम काही नव्हतं. सरळ म्हणालो, तुझ्याशिवाय घर खायला उठतं, येतीस का? असलं कधी बोललो नव्हतो. तिकडं कुकरची शिट्टी वाजली. मग "बघू" म्हणाली.

१८ डिसें.
सकाळी तिचाच फोन. कॅमेरा मागून काढा, पुढच्या दारी पायऱ्यांकडं तोंड करून लावा.
"इथं जिना चढून बघून राहिले रोज. संदीपला सांगू नका."
तार पुरेना. बाजारात जाऊन लांब तार आणली, दुपारपर्यंत लावलं. फोन केला, पायऱ्या दिसतात म्हणाली. भिंतीला हात धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, तिच्या चालीनं चढून दाखवलं.
"पुन्हा एकदा चढा," म्हणाली.
चढलो.